मुदतवाढीचा प्रश्न: पारलिंगी मुले, प्युबर्टी ब्लॉकर आणि भारतीय कायदा

आपले शरीर ज्या लिंगाच्या दिशेने वाढू लागले आहे ते आपले नव्हे, असे ज्या मुलामुलींना वयात येण्याच्या सुमारास तीव्रतेने आणि सातत्याने वाटते, त्यांच्या शरीराची ही वाढ औषधाने काही काळ रोखून धरावी की नाही, हा प्रश्न गेल्या पंधरा-वीस वर्षांत युरोप-अमेरिकेतील बालरुग्णालयांतून बाहेर पडून न्यायालयांत, कायदेमंडळांत आणि निवडणुकीच्या प्रचारसभांत जाऊन पोहोचला आहे. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि व्यक्तीची स्वतःविषयीची जाणीव यांत मेळ नसलेल्या व्यक्तींना मराठीत आता पारलिंगी म्हटले जाते, आणि वाढ रोखणारी ही औषधे जगभर ज्या नावाने ओळखली जातात ते प्युबर्टी ब्लॉकर हेच नाव येथेही वापरले आहे. भारतात या औषधांवर अद्याप मोठा वाद झालेला नाही. मात्र ज्या प्रश्नांतून तो वाद उभा राहतो, म्हणजे माणसाचे लिंग कोणी ठरवायचे, कोणत्या वयात ठरवायचे आणि मुलाच्या शरीराविषयी मुलाच्या वतीने कोणी बोलायचे, ते भारतीय कायद्याला नवे नाहीत, आणि त्यांतील पहिल्या प्रश्नाचे एक गाजलेले उत्तर जबलपूरमध्ये दिले गेले आहे.

1956 साली नव्या मध्य प्रदेशाची स्थापना झाली तेव्हा भोपाळला राजधानी आणि जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. या शहराच्या पूर्वेला आणि उत्तरेला पसरलेल्या महाकोशल-बघेलखंडाच्या पट्ट्यात शतक बदलत असताना असे काही घडले की ज्याला देशात तोवर फारसा पूर्वदाखला नव्हता. 2000 मध्ये शहडोल जिल्ह्यातील सोहागपूर मतदारसंघातून शबनम मौसी विधानसभेवर निवडून आल्या, आणि त्याच सुमारास जबलपूरपासून जवळच असलेल्या कटनीच्या महापौरपदी कमला जान निवडून आल्या. दोघीही हिजडा समाजातील, मध्य प्रदेशात रूढ असलेल्या शब्दात सांगायचे तर किन्नर. कटनीचे महापौरपद मात्र स्त्रियांसाठी राखीव होते, त्यामुळे कमला जान स्त्री आहेत की नाहीत हा मुद्दा निवडणूक याचिकेतून उपस्थित झाला. कनिष्ठ न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली, आणि 2003 मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कमला जान स्वतःला स्त्री मानतात, समाजात स्त्रीसारख्या वावरतात, मतदारांनी त्यांना तशाच स्वीकारून निवडून दिले, या सगळ्याला कायद्याच्या तराजूत वजन मिळाले नाही; जन्माने पुरुष असलेली व्यक्ती पुरुषच, असे त्या निर्णयाचे सार होते. अकरा वर्षांनी, 15 एप्रिल 2014 रोजी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने नेमकी उलटी भूमिका घेतली. शरीररचनेच्या कसोटीपेक्षा व्यक्तीच्या मानसिक जाणिवेच्या कसोटीला प्राधान्य द्यावे, लिंगभावाची ओळख ज्याची त्याने ठरवावी, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा आहे, असे या निकालाने सांगितले. कमला जान यांना त्याचा उपयोग झाला नाही, हे उघडच आहे.

या दोन निर्णयांमध्ये देह आणि जाणीव यांतील श्रेष्ठ कोण, हा वाद प्रौढ माणसापुरता मिटला. मुलाच्या बाबतीत तो मिटत नाही, कारण प्रौढाचा देह घडून गेलेला असतो आणि मुलाचा देह अजून घडायचा असतो. प्युबर्टी ब्लॉकरच्या वादाचे सारे वेगळेपण या एका फरकात आहे, आणि म्हणून औषध नेमके काय करते हे आधी समजून घेणे भाग आहे.

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग वयात येण्याच्या सुमारास एक संप्रेरक ठरावीक अंतराने, साधारण तास-दीड तासाने, थोडे थोडे सोडू लागतो. त्या प्रत्येक ठोक्यासरशी पियुषिका ग्रंथी जागी होते आणि तिच्या संदेशावरून बीजकोश इस्ट्रोजेन किंवा वृषण टेस्टोस्टेरॉन तयार करू लागतात. पुढची सगळी लक्षणे, स्तनांची वाढ, पाळी, आवाज फुटणे, दाढी-मिशा, खांद्यांची आणि नितंबांची ठेवण, ही या दोन संप्रेरकांची कामगिरी असते. ल्युप्रोलाइड आणि ट्रिप्टोरेलिन यांसारखी औषधे हायपोथॅलॅमसच्या त्या संप्रेरकाचीच कृत्रिम रूपे आहेत, पण ती ठोक्याठोक्याने न येता शरीरात सतत राहतात, आणि संदेश अखंड चालू राहिला की पियुषिका ग्रंथी सुरुवातीच्या थोड्या खळबळीनंतर त्याला प्रतिसाद देणेच सोडते. दरमहा किंवा दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेतले तर वाढ थांबते; इंजेक्शन बंद केले तर काही महिन्यांत ती पुन्हा सुरू होते. या संप्रेरकाची रचना उलगडल्याबद्दल रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना 1977 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि 1980 च्या दशकापासून ही औषधे अकाली वयात येणाऱ्या मुलांसाठी, म्हणजे आठ वर्षांच्या आतल्या मुली आणि नऊ वर्षांच्या आतले मुलगे यांच्यासाठी, जगभर वापरली जात आहेत. भारतात ती प्रोस्टेटचा कर्करोग, एंडोमेट्रिओसिस आणि वंध्यत्वावरील उपचार यांसाठी परिचित आहेत. औषध जुनेच आहे. त्याचा हा उपयोग तेवढा नवा.

हा नवा उपयोग नेदरलँड्समध्ये सुरू झाला. मानसशास्त्रज्ञ पेगी कोहेन-केटेनिस आणि बालसंप्रेरकतज्ज्ञ हेन्रिएट डेलमार-व्हॅन द वाल यांनी जी पद्धत बसवली ती पुढे डच पद्धत म्हणून ओळखली गेली, आणि तिच्या अटी कडक होत्या. लिंगभावाविषयीची अस्वस्थता लहानपणापासून असावी, वयात येताना ती कमी न होता वाढलेली असावी, इतर गंभीर मानसिक आजार नसावा, कुटुंबाचा पाठिंबा असावा, आणि वय किमान बारा असावे, अशा कसोट्यांतून पार पडलेल्या मुलांनाच औषध दिले जाई. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 70 किशोरवयीनांची हकीकत आहे, आणि 2014 मध्ये त्यांपैकी 55 जणांची तरुणपणीची स्थिती नोंदवलेली आहे. मनाची अवस्था सुधारली, शिक्षण-नोकरीत ते समवयस्कांच्या बरोबरीने राहिले, असे त्यांचे निष्कर्ष होते. जगभरच्या चिकित्सालयांनी निष्कर्ष उचलले आणि अटी मागे ठेवल्या, असे म्हटले तर ते फार अन्यायाचे होणार नाही.

इंग्लंडमध्ये हे सर्वांत ठळकपणे दिसले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील मुलांच्या विभागाकडे 2011-12 मध्ये अडीचशेहून कमी मुले पाठवली गेली होती, ती संख्या दहा वर्षांत पाच हजारांच्या वर गेली. पूर्वी जन्माने मुलगे अधिक असत, आता जन्माने मुली असलेल्या किशोरवयीनांची संख्या मोठी झाली, आणि त्यांतील अनेकांना नैराश्य, स्वमग्नता किंवा खाण्याचे विकार असे इतर त्रासही होते. डच अभ्यासातील मुले आणि ही मुले एकच आहेत, असे गृहीत धरण्याला आधार राहिला नाही. डिसेंबर 2020 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने, तेरा किंवा त्याहून कमी वर्षांचे मूल अशा उपचाराला समजून-उमजून संमती देऊ शकेल ही शक्यता फारच कमी आहे असे म्हटले. सप्टेंबर 2021 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवून, मुलाची समज जोखणे हे डॉक्टरांचे काम आहे, न्यायाधीशांचे नव्हे, असे ठरवले. त्यानंतर ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांचा अहवाल एप्रिल 2024 मध्ये आला. त्यासाठी यॉर्क विद्यापीठाने केलेल्या पाहणीत प्युबर्टी ब्लॉकरवरील 50 अभ्यास तपासले गेले आणि त्यांपैकी एकच उच्च दर्जाचा ठरला. डिसेंबर 2024 मध्ये ब्रिटिश सरकारने संशोधनाबाहेर नव्या मुलांना ही औषधे देण्यावर बेमुदत बंदी घातली आणि 2027 मध्ये फेरविचार करण्याचे जाहीर केले. फिनलंड आणि स्वीडन यांनी त्याआधीच आपले धोरण आखडते घेतले होते. याउलट जर्मन भाषक देशांतील वैद्यकीय संस्थांनी 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांत काळजीपूर्वक निवडलेल्या किशोरांसाठी हा मार्ग खुला ठेवला. अमेरिकेत जून 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी टेनेसी राज्याची बंदी वैध ठरवली, पण तेथील वाद औषधापेक्षा राजकारणाच्या अंगानेच अधिक वाढला असल्याने त्याच्याकडून शिकण्यासारखे फार थोडे आहे.

या पुराव्याचे वाचन दोन्ही बाजूंनी सोयीने केले जाते. पुरावा दुबळा आहे याचा अर्थ औषध घातक ठरले आहे असा होत नाही. कॅस अहवालानेही तसे म्हटलेले नाही, त्याने संशोधनाची मागणी केली. दुसऱ्या बाजूला, ही औषधे केवळ विचाराला वेळ देतात आणि पूर्णपणे मागे फिरवता येतात, हे समर्थकांचे आवडते विधानही जसेच्या तसे टिकत नाही. पियुषिका ग्रंथी पुन्हा कामाला लागते हे खरे, पण ज्यांना ही औषधे दिली गेली त्यांतील बहुतेक सगळे, डच अभ्यासातील 70 पैकी 70, पुढे संप्रेरकांच्या उपचाराकडेच गेले. निवड नेमकी झाली होती म्हणून तसे झाले, की थांबलेल्या देहाने पुढची वाट आपोआप ठरवली, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. जे मूल वयात येण्याच्या अगदी सुरुवातीला औषध घेते आणि तसेच पुढे संप्रेरकांकडे जाते, त्याची बीजपेशी पक्व होण्याची वेळच येत नाही, म्हणजे पुढे आई किंवा बाप होण्याच्या शक्यतेवर बाराव्या-तेराव्या वर्षी पाणी सोडावे लागते. हाडांचा मुद्दा भारतात विशेष महत्त्वाचा आहे. हाडांतील खनिजांचा मोठा साठा वयात येण्याच्या वर्षांतच होतो आणि औषधाच्या काळात तो रेंगाळतो. आणि 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार भारतातील किशोरवयीनांपैकी सुमारे 24 टक्के मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरता होती. डच मुलांच्या हाडांचे मोजमाप येथे तसेच लागू करणे धाडसाचे ठरेल.

तरीही काही न करणे म्हणजे तटस्थ राहणे, असेही म्हणता येत नाही. फुटलेला आवाज पुन्हा बारीक होत नाही, वाढलेली छाती शस्त्रक्रियेशिवाय जात नाही, आणि ज्या मुलाची अस्वस्थता खरी आणि टिकाऊ आहे त्याच्यासाठी निसर्गाने केलेले बदलही तितकेच कायमचे असतात. दोन कायमच्या परिणामांमधली ही मुदतवाढ आहे. ती कोणाला मिळावी, आणि ती मागण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नापाशी वैद्यकशास्त्र थांबते आणि कायदा सुरू होतो.

भारतीय कायद्यात या मुलांचा उल्लेख जुना आहे, आणि तो संशयाचा आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदणी सक्तीची केली होती. नोंदणी झालेल्या व्यक्तीला दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, आणि सोळा वर्षांखालील मुलगा तिच्या घरी किंवा ताब्यात आढळला तर तुरुंगवासाची शिक्षा होती. हा भाग मुख्यतः वायव्य प्रांतांतील अधिकाऱ्यांच्या आग्रहाने आला. जबलपूर 1861 पर्यंत त्याच प्रांतांना जोडलेले होते, त्या वर्षी ते नव्या मध्य प्रांतात गेले, म्हणून या तरतुदींच्या पहिल्या अंमलातून ते दहा वर्षांच्या फरकाने सुटले. ठगांचा बंदोबस्त करणारे ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांचे जबलपूर ज्या विचारपद्धतीचे माहेरघर बनले होते, माणसांच्या समूहालाच जन्मजात गुन्हेगार ठरवणारी ती पद्धत, तिचाच हा पुढचा हप्ता होता, एवढे येथे नोंदवणे पुरे. मुलाला हिजड्यांपासून वाचवायचे, हा त्या कायद्याचा उद्देश. मूल स्वतः तिकडे का जाते, हा प्रश्न त्यात नव्हता.

विचित्र गोष्ट अशी की 2019 च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यातही त्या प्रश्नाला बगल दिली गेली. 10 जानेवारी 2020 पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, पारलिंगी असल्याच्या कारणावरून कोणत्याही मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही, ते केवळ सक्षम न्यायालयाच्या आदेशानेच करता येते. आणि कुटुंब सांभाळू शकत नसेल तर न्यायालयाने त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात पाठवायचे आहे. डेरा, गुरू आणि चेले यांनी मिळून बनणारे हिजड्यांचे कुटुंब या कायद्याच्या दृष्टीने कुटुंब नाही. घरात मारहाण होते म्हणून, शाळेत टिकणे अशक्य होते म्हणून, आणि लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी म्हणून चौदा-पंधरा वर्षांची मुले घर सोडतात हे सर्वज्ञात आहे, आणि लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या 2012 साली मराठीत आलेल्या आत्मकथनानंतर मराठी वाचकाला तरी हे जग परके राहिलेले नाही. घर सोडल्यावर शरीराचे काय होते, हेही लपलेले नाही. डॉक्टरच्या देखरेखीविना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या जातात, आणि दाईच्या हातून होणारे निर्वाण, म्हणजे पुरुषेंद्रियाचा छेद, अजूनही पूर्णपणे इतिहासजमा झालेला नाही. चिकित्सालय नसले की हस्तक्षेप होत नाही, या समजुतीला भारतात आधार नाही. हस्तक्षेप होतो, फक्त तो उशिरा होतो आणि ज्याला त्याचे ज्ञान नाही अशा माणसाकडून होतो.

त्याच कायद्याचे पंधरावे कलम सरकारवर संप्रेरक उपचार आणि शस्त्रक्रिया उपलब्ध करून देण्याची जबाबदारी टाकते आणि वैद्यकीय पुस्तिका पारलिंगी आरोग्यासाठीच्या जागतिक व्यावसायिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार करावी असे सांगते. या संघटनेच्या 2022 च्या आठव्या आवृत्तीत वयात येण्याची पहिली चिन्हे दिसल्यावर प्युबर्टी ब्लॉकर देण्याचा पर्याय मान्य केलेला आहे. म्हणजे ज्या तत्त्वांवरून पाश्चात्त्य देशांत सध्या सर्वाधिक भांडण चालू आहे, त्यांचे नाव भारतीय संसदेने कायद्यात घालून ठेवले, आणि वय मात्र कोठेही लिहिले नाही. अल्पवयीन मुलासाठी ओळख प्रमाणपत्राचा अर्ज आईवडिलांनी किंवा पालकांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करायचा, एवढीच सोय कायद्यात आहे. पालक तयार नसतील तर मुलाने काय करावे, याविषयी तो गप्प आहे.

संमतीचा सामान्य कायदाही येथे अपुरा पडतो. पूर्वीच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 90 नुसार बारा वर्षांखालील मुलाची संमती ही संमतीच नव्हती, आणि नव्या न्याय संहितेनेही ते तत्त्व कायम ठेवले आहे. सज्ञानतेचे वय अठरा आहे आणि रुग्णालये त्याखालील प्रत्येकासाठी पालकाची सही मागतात. बारा ते अठरा हा मधला पट्टा कायद्याने कधीच नीट आखलेला नाही. वयात येणे मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा आणि मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वर्षांत सुरू होते, म्हणजे औषध उपयोगी पडण्याचा काळ कायद्याच्या या धूसर पट्ट्यात किंवा त्याच्याही आधी येतो. अठराव्या वर्षापर्यंत थांबा, हा सल्ला वरकरणी शहाणपणाचा वाटतो, पण या औषधाच्या बाबतीत तो सल्ला आणि नकार यांत काही फरक नाही.

भारतीय न्यायालयांनी मुलाच्या शरीराविषयी जो सर्वांत मोलाचा विचार केला आहे, तो या वादाच्या शेजारच्या अंगणात केला आहे. आंतरलिंगी मुले, म्हणजे ज्यांची जननेंद्रिये, गुणसूत्रे किंवा संप्रेरके जन्मतःच स्त्री वा पुरुष या चौकटीत नेमकी बसत नाहीत, त्यांच्यावर तान्हेपणीच शस्त्रक्रिया करून त्यांना मुलगा किंवा मुलगी बनवण्याची पद्धत भारतात सर्रास होती. 22 एप्रिल 2019 रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठातील न्यायमूर्ती जी. आर. स्वामीनाथन यांनी, खरे तर एका पारलिंगी स्त्रीच्या विवाहनोंदणीच्या खटल्यात, पालकांची संमती ही मुलाची संमती मानता येणार नाही असे सांगून या शस्त्रक्रिया थांबवण्याचे निर्देश दिले, आणि त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने जिवाला धोका असण्याची परिस्थिती वगळता त्यांवर बंदी घातली. ऑगस्ट 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. जी. अरुण यांनी सात वर्षांच्या एका मुलावर अशी शस्त्रक्रिया करू देण्याची पालकांची विनंती नाकारली आणि निर्णयासाठी बालसंप्रेरकतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक आणि बालमानसतज्ज्ञ यांची राज्यस्तरीय समिती नेमण्यास सांगितले.

हे दोन निर्णय प्युबर्टी ब्लॉकरच्या बाजूचे आहेत की विरोधातले, यावर मतभेद होतील, आणि ते होणे योग्य आहे. कायमचा बदल मूल बोलू लागेपर्यंत लांबवा, हे तत्त्व त्यांतून घेतले तर ते औषधाच्या बाजूने झुकते, कारण लांबवणे हाच औषधाचा गुण आहे. मुलाच्या निरोगी देहात प्रौढांनी हात घालू नये, हे तत्त्व घेतले तर ते उलट बाजूला झुकते. परंतु दोन्ही निर्णयांत मूल गप्प आहे, एक तान्हे म्हणून आणि दुसरे सात वर्षांचे म्हणून. बारा वर्षांचे मूल बोलते, आग्रह धरते, कधी मत बदलते, आणि त्याचे ऐकायचे कसे याचा नमुना भारतीय कायद्यापाशी नाही. म्हणून केरळच्या निर्णयातील सर्वांत उपयोगी भाग त्याचे तत्त्व नसून ती समिती आहे. कोणत्याही एका डॉक्टरवर, एका पालकावर किंवा एका दंडाधिकाऱ्यावर हा निर्णय सोपवू नये, एवढे तरी त्यातून ठरते. सरसकट बंदी घालण्यासारखे भारतात आज काही उभेच नाही, आणि अशी समिती नसताना सरसकट परवानगी देणे इंग्लंडची चूक इंग्लंडची साधने नसताना करण्यासारखे होईल.

जबलपूरचे उदाहरण येथे कामाचे आहे. शहरात 1955 पासूनचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, उच्च न्यायालय आहे, आणि महाकोशलातील अनेक जिल्ह्यांचा रुग्ण उपचारासाठी येथेच येतो. त्याहून अधिक काही लागले तर तो पावणेतीनशे किलोमीटरवरच्या नागपूरची, भोपाळची किंवा दिल्लीची वाट धरतो. डच पद्धतीत मुलाला औषधापूर्वी महिनोन्महिने मानसतज्ज्ञाकडे यावे लागे आणि औषध सुरू झाल्यावर उंची, हाडे आणि रक्त यांची नियमित तपासणी होई. डिंडोरी किंवा मंडल्याच्या कुटुंबाला दर तीन महिन्यांनी एका इंजेक्शनसाठी आणि दर वर्षी हाडांच्या तपासणीसाठी शहर गाठणे कदाचित जमेल; पण बोलण्यासाठी, मुलाचे आणि आईबापाचे वेगवेगळे ऐकून घेणाऱ्या माणसासमोर बसण्यासाठी, वर्षभर येत राहणे हा उपचाराचा खरा खर्च आहे, आणि आरोग्य विम्याच्या कोणत्याही मर्यादेत तो मोजला जात नाही.

या विषयाची मर्यादाही येथेच स्पष्ट करणे इष्ट आहे. हे विवेचन अठरा वर्षांखालील मुलांपुरते आणि औषधाने वाढ रोखण्यापुरते आहे. शस्त्रक्रियेचा विचार त्यात नाही, आणि इस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉनच्या उपचारांचा विचार जेथे ते औषधाचा पुढचा टप्पा म्हणून येतात तेवढाच आहे. आंतरलिंगी आणि पारलिंगी मुले 2019 च्या कायद्याने एकाच व्याख्येत आणली असली तरी त्यांचे वैद्यकीय प्रश्न वेगळे असल्याने ती येथे स्वतंत्र ठेवली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणात लिंगविसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढली गेली, तेव्हा ती आजार आहे की नाही हा जुना वादही येथे उकरून काढलेला नाही.